ओरछा गेटच्या आत आणि बाहेर : झाशीची भूमी आणि वस्ती

मराठी वाचकाला झाशी माहीत असते ती बहुधा १८५८ सालच्या एका पंधरवड्यापुरती. मार्चच्या २१ तारखेला सर ह्यू रोजची फौज शहरासमोर येते, ३ एप्रिलला तट ओलांडून आत शिरते, ४ एप्रिलच्या रात्री लक्ष्मीबाई शहर सोडते. या पंधरा दिवसांवर आपल्याकडे चरित्रे, पोवाडे, नाटके, चित्रपट झाले. त्यातला अभिमान खरा आहे आणि तो मलाही आहे. पण या साऱ्यात तट, बुरूज आणि तोफा वारंवार येत असल्या, तरी तो तट कोणत्या दगडाचा होता, त्याच्या आत कोण राहत होते, ते पाणी कुठून आणत आणि दरवाजाबाहेर पडलेली वाट कोणत्या गावाला जात होती, हे सहसा येत नाही. झाशी म्हटले की प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, गाव उभे राहत नाही. ते गाव उभे करण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्यात शिरण्यासाठी मी ओरछा गेट निवडला आहे.

झाशीच्या जुन्या शहराच्या तटाला दहा दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. खंडेराव, दतिया, उन्नाव, भांडेर, बडागाव, लक्ष्मी, ओरछा, सागर, सैंयर आणि झिरना हे दरवाजे; गणपतगीर, अलीगोल, सुजानखान आणि सागर या खिडक्या. ही यादी सावकाश वाचली, तर शहराभोवतीचा मुलूख आपोआप उलगडत जातो. दतिया हे ओरछ्याच्या बुंदेला राजांच्याच दुसऱ्या शाखेचे राजधानीचे गाव. उन्नाव म्हणजे लखनौजवळचे नव्हे, तर पहूज नदीकाठचे, बालाजी सूर्याच्या मंदिराचे गाव. भांडेरवरून पुढे काल्पीची आणि यमुनेची वाट. सागरच्या वाटेने दक्षिणेकडे, म्हणजे मराठी सरदार गोविंदपंत बुंदेल्यांच्या मुलखातून नर्मदेकडे आणि शेवटी पुण्याकडे जाता येई. लक्ष्मी दरवाजा महालक्ष्मीच्या मंदिराकडे आणि तळ्याकडे उघडतो. ओरछा दरवाजातून पंधरा-सोळा किलोमीटरवर बेतवाकाठी ओरछा लागते. आपण कुणाशी व्यवहार करतो, कुणाला पुजतो आणि कुणापासून सावध राहतो, हे झाशीने आपल्या दरवाजांवर लिहून ठेवले होते.

आजही जुन्या शहरातला पत्ता या दरवाजांच्या आधारानेच सांगतात. ‘अंदर ओरछा गेट’, ‘बाहर ओरछा गेट’, ‘अंदर लक्ष्मी गेट’, ‘बाहर दतिया गेट’ असे दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि टपालाच्या पाकिटांवर लिहिलेले असते. तटाचे मोठे भाग घरांनी गिळले, काही दरवाजांची नुसती नावे उरली, तरी आतले आणि बाहेरले हा भेद लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. वस्तीचा भूगोल किती चिवट असतो याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

सुरुवात दगडापासून करायला हवी. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला झाशीत पहिला फरक जाणवतो तो पायाखाली. आपले गडकिल्ले काळ्या बेसॉल्टचे, थरावर थर असलेल्या कातळाचे. झाशीचा कातळ ग्रॅनाइटचा, सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा; दख्खनचा दगड त्याच्यापुढे अगदी अलीकडचा ठरतो. या ग्रॅनाइटचा ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला, तर त्यात गुलाबी फेल्डस्पारचे जाड दाणे, त्यांच्या मध्ये काचेसारखा धुरकट क्वार्ट्झ आणि काळ्या खनिजांचे बारीक ठिपके वेगवेगळे दिसतात. ऊन-पावसाने हेच दाणे सुटे होतात, कातळाचे कोपरे झिजतात आणि मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे उरतात. बुंदेलखंडातल्या टेकड्यांना त्यांचे रूप या झिजेने दिले. शहराच्या पश्चिमेची बंगरा टेकडी अशीच एक. ओरछ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ साली तिच्यावर किल्ला बांधला. पायथ्याच्या गावाचे तेव्हाचे नाव बलवंतनगर.

ग्रॅनाइटमधून जागोजागी क्वार्ट्झच्या लांबच लांब भिंती वर आल्या आहेत. ग्रॅनाइट झिजून खाली गेला. क्वार्ट्झ कठीण, तो कण्यासारखा उभा राहिला. पावसाचे पाणी अडवायला निसर्गाने दिलेले हे बांधच होते. ओढा जिथे अशा भिंतीला छेदून बाहेर पडतो, तेवढी खिंड दगडांनी बुजवली की वरच्या अंगाला तळे साठते. चंदेल राजांनी हजार वर्षांपूर्वी हे तंत्र साऱ्या प्रदेशात वापरले आणि पुढे बुंदेल्यांनी ते चालू ठेवले. झाशीजवळचे बरुआसागर हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछ्याच्या उदैतसिंहाने बांधलेले तळे त्याच परंपरेतले.

तळ्यांची इतकी गरज पडली, कारण इथे जमिनीखाली पाणी फार खोलवर साठत नाही. ग्रॅनाइटच्या माथ्यावर कुजलेल्या खडकाचा, मुरमाचा थर असतो. विहिरीला पाणी लागते ते त्यातच. त्याखालचा कातळ अखंड आणि कोरडा. पाऊस बरा झाला तर विहिरी फेब्रुवारीपर्यंत साथ देतात, एक साल हुकले तर त्याआधीच तळ दिसू लागतो. मातीही सगळीकडे सारखी नाही. इथला शेतकरी तिचे चार प्रकार करतो: मार आणि काबर या काळ्या, पडवा हलका, आणि राकड म्हणजे उताराची, खडे मिसळलेली तांबूस जमीन. मार पाण्याशिवायही गहू आणि हरभरा देते. राकड पाऊस पडल्यावर तीळ किंवा कोदो देते आणि मग कित्येक महिने काहीच देत नाही. मोठी गावे मारच्या पट्ट्यांजवळ आणि तळ्यांच्या खालच्या अंगाला आहेत, तर राकडवर विरळ पाडे, हे सूत्र साऱ्या जिल्ह्याला लागू पडते.

झाशी मात्र या सूत्रात नीट बसत नाही. पूर्वेला बेतवा, पश्चिमेला पहूज, दोन नद्यांच्या मध्ये असूनही ती एकीच्याही काठावर नाही. ही जागा निवडली ती टेकडीसाठी, पाण्यासाठी नव्हे. शेतकऱ्याने वसवलेले गाव पाण्याकाठी असते. शिपायाने वसवलेले गाव उंचावर असते आणि पाण्याची सोय मागून करते. झाशीने ती विहिरी, बावड्या, लक्ष्मी ताल आणि आंतिया ताल यांच्या भरवशावर केली. या निवडीची किंमत १८५८ साली मोजावी लागली. वेढ्याच्या दिवसांत शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी किल्ल्यातल्या पाण्याच्या जागेवर गोळे पडू लागल्यावर काय हाल झाले, ते लिहून ठेवले आहे. आज शहराला पाणी येते ते माताटिला धरणातून, म्हणजे शेवटी बेतवेचेच.

झाशीचे शहर झाले ते मराठी अमलात. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला जैतपूरला धावले आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय पडला. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिकच्या गोदाकाठी त्यांच्या नावाचे, मोठ्या घंटेचे मंदिर आहे आणि मालेगावचा भुईकोट त्यांचाच, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्यांनी झाशीचा किल्ला वाढवला. तो वाढीव भाग शंकरगड म्हणून ओळखला गेला. आणि या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी केली ती ही, की ओरछ्याची माणसे आणून झाशीत वसवली.

ओरछा गेटचे महत्त्व इथे आहे. ओरछा १५३१ पासून बुंदेल्यांची राजधानी होते. जहांगीर महाल, रामराजाचे मंदिर, बेतवेवरच्या छत्र्या, सगळे वैभव तिथे. झाशी हे त्याचे एक ठाणे. अठराव्या शतकाच्या मध्याला हे नाते उलटू लागले. सराफ, विणकर, कारागीर, पंडित यांची घरे ओरछ्याहून झाशीत येत गेली. पुढे १७८३ साली बुंदेल्यांनीही राजधानी टिहरीला, म्हणजे आजच्या टीकमगढला नेली आणि ओरछ्यात महाल, मंदिरे आणि थोडी वस्ती एवढेच राहिले. ओरछ्याहून झाशीकडचे हे स्थलांतर त्याच वाटेने झाले, जी आज ओरछा गेटमधून जाते. माणसे मूळ गाव मागे ठेवून आली आणि त्या गावाचे नाव नव्या गावाच्या दाराला राहिले.

१७७० च्या सुमारास सुभेदारी नेवाळकरांकडे स्थिरावली. हे घराणे रत्नागिरीकडचे, कोट गावचे. खानदेशात पारोळ्यालाही त्यांची शाखा होती. दुसऱ्या रघुनाथरावांनी महालक्ष्मीचे मंदिर बांधले, आज राणीमहाल म्हणून दाखवतात तो वाडाही त्यांच्याच काळातला. शहराला तटाचे पूर्ण कडे नेवाळकरांच्या अमलातच मिळाले. या कड्याच्या आत धंद्याधंद्याचे मोहल्ले वसले. गोडसेभटजींच्या वृत्तान्तात हलवाईपुरा आहे, कोष्टीपुरा आहे. आजच्या शहरात दरीगरान, टकसाल, सराफा बाजार, बिसातखाना, मेवातीपुरा, गुसाईंपुरा आहेत. मराठ्यांच्या आधी या टापूत नागा गोसाव्यांचे बळ मोठे होते. मोठ गावचा राजेंद्रगिरी गोसावी त्यांतला प्रसिद्ध. हे गोसावी लढवय्ये होते आणि सावकारही. मऊरानीपूरला आलच्या मुळीने लाल रंगवलेले खारुआ कापड निघे. ते रंगवणारे, विणणारे आणि विकणारे हे या प्रदेशाच्या अर्थव्यवहाराचा कणा होते. झाशीच्या कोरी विणकरांची घरे याच साखळीतली.

या वस्तीत मराठी घरे मोजकीच, पण ठळक होती. कऱ्हाडे, देशस्थ आणि कोकणस्थ ब्राह्मण, कारकून, शिलेदार, आश्रित. शहरातल्या गणेश मंदिरात १८४२ साली मोरोपंत तांबे यांच्या कन्येचा झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. घरात मराठी आणि दारात बुंदेली अशी या घरांची रीत. सोवळे, हळदीकुंकू, श्रावणातले नेम इकडचे; गहू, हरभरा आणि उन्हाळ्याचा जाच तिकडचा. पेणजवळच्या वरसईहून निघालेल्या गोडसेभटजींना झाशीत आपल्यासारखी घरे सापडली म्हणूनच त्यांना तिथे राहता आले, आणि म्हणूनच त्या शहराचे आतून पाहिलेले मराठी वर्णन आपल्याला मिळाले. ते वर्णन भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापून प्रसिद्ध केले. माझ्या दृष्टीने ते जितके बंडाचे, तितकेच एका शहराच्या गल्ल्यांचे पुस्तक आहे.

१८५८ च्या युद्धात ओरछा गेटचे नाव फितुरीशी जोडले गेले. दूल्हाजू नावाच्या सरदाराने हा दरवाजा शत्रूला उघडून दिला, अशी कथा झाशीत सांगतात. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या कादंबरीने ती देशभर पोचवली. इंग्रजांच्या लष्करी वृत्तान्तांत भर आहे तो दक्षिणेच्या तटाला पाडलेल्या खिंडारावर आणि भिंतीला लावलेल्या शिड्यांवर. मी दोन्ही गोष्टी वाचकापुढे ठेवल्या आहेत. कथा कुठून उगवली असेल, याचा विचार करताना मात्र एक वस्तुस्थिती विसरता येत नाही: १८५७ च्या उत्तरार्धात ओरछ्याचा दिवाण नत्थेखान झाशीवर चालून आला होता आणि पुढच्या वसंतात रोजच्या फौजेला रसद मिळाली ती शिंद्यांकडून आणि ओरछा संस्थानाकडून. राणीने शहराभोवतीचा मुलूख चारापाण्याविना उजाड करवला होता, तो डाव या रसदेने फसला. शेजाऱ्याशी शंभर वर्षांचे वैर असलेल्या शहराने दगाफटका त्याच दिशेच्या दारावर शोधावा, यात नवल नाही. जमिनीवरची नाती लोकस्मृतीत अशी उतरतात.

त्यानंतर कत्तल झाली, आगी लागल्या, लूट झाली. कोष्टीपुरा आणि हलवाईपुरा यांची वर्णने आजही वाचवत नाहीत. तरी शहर उठले नाही. १८६१ साली इंग्रजांनी तटाच्या आतली झाशी ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिली आणि आपले ठाणे तटाबाहेर ‘झाशी नौआबाद’ म्हणून वसवले. पंचवीस वर्षे एकाच नावाची दोन गावे दोन राज्यांत शेजारी शेजारी नांदली. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी घेतली, १८८९ पर्यंत रेल्वे आली, पाठोपाठ १८९५ मध्ये रेल्वेचा कारखाना. सिव्हिल लाइन्स, छावणी, सीपरी बाजार हे सारे या दुसऱ्या झाशीचे. आज पाच लाखांवर गेलेल्या शहराचा मोठा भाग तटाबाहेर आहे. देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांची भेट झाशीला होते. दहा दरवाजांच्या वाटा या नव्या जाळ्यात मिसळल्या. ओरछ्याची वाट मात्र आता राज्याची सीमा ओलांडते: झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात, २०१८ साली झालेल्या निवाडी जिल्ह्यात.

वस्ती अशी चिवट का असते, हे समजून घेताना मला दूरच्या एका मुलखाचा उपयोग झाला. नॉर्वेच्या उत्तर भागात काफ्योर्ड नावाची नगरपालिका आहे. सामी लोक तिला गाइवुओत्ना म्हणतात. तिथे समुद्राचा चिंचोळा फाटा डोंगरांत खोल शिरला आहे आणि डोंगर थेट पाण्यात उतरतात. घर, कुरण आणि रस्ता यांना जागा मिळते ती काठाच्या अरुंद पट्टीवर आणि नद्यांच्या मुखाशी. बिर्ताव्हारे, ओल्डरडालेन, मानडालेन ही गावे तशीच विखुरली आहेत. सामी, क्वेन आणि नॉर्वेजियन अशा तीन भाषांची माणसे त्याच पट्टीवर मासेमारी आणि थोडी शेती करत आली. १९४४ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि त्याला लागून असलेल्या उत्तर त्रोम्समधली घरे जाळली, माणसांना दक्षिणेकडे हाकलले. युद्ध संपल्यावर लोक परतले आणि घरे पुन्हा उभी राहिली ती जुन्या जागांच्या आसपास, कारण राहण्याजोगी जमीनच तेवढी. झाशीत समुद्र नाही, बर्फ नाही. पण टेकडी, विहीर, तळे आणि वाट यांनी आखून दिलेल्या जागेवर माणसे राखेतूनही परत येतात, हा नियम दोन्हीकडे सारखाच दिसतो. राज्यकर्ते बदलतात तेव्हा बखरी बदलतात. पाणवठे आणि वाटा इतक्या लवकर बदलत नाहीत.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. आधी खडक, माती आणि पाणी. मग किल्ला आणि तट. मग दरवाजे एकेक करून, प्रत्येकाच्या बाहेरचे गाव आणि आतला मोहल्ला यांच्यासह. शेवटी तटाबाहेरची नवी झाशी. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ सालचे राणीचे चरित्र, गोडसेभटजींचा प्रवास, ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियरे आणि शहरातल्या लोकांच्या तोंडची माहिती हा माझा आधार. ही साधने एकमेकांशी जुळत नाहीत तिथे मी जमिनीची साक्ष काढली आहे: वाट कुठून जाऊ शकते, पाणी कुठे साठू शकते, तोफ कुठून काय पाहू शकते. बऱ्याच वादांना त्यातून उत्तर मिळते.

मराठी माणसाचा झाशीवर हक्क आहे असे आपण मानतो. तो हक्क रक्ताने आणि इतिहासाने मिळाला, हे खरे. पण गंगाधररावांच्या मृत्यूनंतर, संस्थान खालसा झाल्यावर आणि १८५८ च्या संहारानंतर अनेक मराठी कुटुंबे तिथून पांगली. राणीचा दत्तक पुत्र दामोदरराव इंदूरला राहिला आणि १९०६ साली तिथेच वारला. झाशी सांभाळली ती मागे राहिलेल्यांनी: कोरी आणि कोष्टी, हलवाई आणि सराफ, मेवाती, गोसावी, आणि काही मराठी घरांनीही, जी आजवर गणपती बसवतात. ज्या शहरासाठी राणी लढली, ते शहर म्हणजे ही माणसे. त्यांची घरे, त्यांच्या विहिरी आणि त्यांच्या वाटा जाणून घेणे हे त्या लढ्याचा अर्थ समजण्याचाच भाग आहे, असे मी मानतो.

म्हणून वाचकाला एक विनंती. झाशीला गेलात तर किल्ला जरूर पाहा, पण तेवढ्यावर परतू नका. ओरछा गेटपर्यंत शहरातून पायी जा, आतल्या बाजूची दुकाने आणि बाहेरची वस्ती दोन्ही पाहा, आणि मग त्याच वाटेने बेतवेपर्यंत जाऊन या. वाटेत खडक उघडा पडलेला दिसेल, मातीचा रंग बदलताना दिसेल, ओरछ्याचे रिकामे महाल दिसतील. या पुस्तकात मी जे सांगितले आहे ते त्या पंधरा-सोळा किलोमीटरांत तपासून घेता येते. ते तपासावे आणि जिथे मी कमी पडलो असेन तिथे भर घालावी. झाशीवर मराठीत अजून पुष्कळ लिहायचे बाकी आहे.